बचेंद्री पाल : २३ मे १९८४ आणि त्यानंतरची पस्तीस वर्षं

हिमरेषा

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत बचेंद्री पाल एका ओळीत उरकल्या जातात : 'एव्हरेस्ट सर करणारी पहिली भारतीय महिला, १९८४'. ओळीत चूक काही नाही. पण ती चढाई नेमकी कशी झाली, कुठे अडली असती आणि पुढे पस्तीस वर्षं या बाईंनी काय उभं केलं, यावर नीट बोललं जावं म्हणून हा धागा. तांत्रिक बाजू जाणणाऱ्यांनी हात आखडू नये.

सुरुवातीचा भाग थोडक्यात. जन्म २४ मे १९५४, उत्तरकाशीजवळचं नाकुरी गाव. वडील किशनसिंह सीमेवरचे छोटे व्यापारी, तिबेटच्या बाजूला किराणा माल नेऊन विकायचे. १९६२ नंतर तो व्यापारच बंद झाला. बचेंद्रींनी शिवणकाम करून शिक्षणाला हातभार लावला, संस्कृत घेऊन एम. ए. केलं, मग बी. एड. एवढं शिकूनही कायमची शिक्षिकेची नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत (निम) नाव घातलं. १९८२ मध्ये तिथल्या ऍडव्हान्स कोर्समध्ये गंगोत्री-१ (६,६७२ मी.) आणि रुद्रगैरा (५,८१९ मी.) ही शिखरं झाली. निमचे पहिले प्राचार्य ब्रिगेडियर ज्ञानसिंह तेव्हा नॅशनल ऍडव्हेंचर फाउंडेशन चालवत होते. १९६० च्या पहिल्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नेते तेच. त्यांनी बचेंद्रींना प्रशिक्षक म्हणून घेतलं.

म्हणजे १९८४ च्या मोहिमेत निवड झाली तेव्हा पहिल्या मोठ्या शिखराला जेमतेम दोन वर्षं झाली होती. हे ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं जास्त समजतं.

कातळवाट

चांगला विषय. निवडीबद्दल एक भर घालतो. १९८४ च्या मोहिमेचे नेते कर्नल दर्शनकुमार खुल्लर, उपनेते प्रेमचंद. संघात सहा महिला होत्या. त्यांतल्या चंद्रप्रभा ऐतवाल, रेखा शर्मा आणि हर्षवंती बिष्ट या तिघी १९८१ मध्ये नंदादेवीच्या मुख्य शिखरावर (७,८१६ मी.) जाऊन आल्या होत्या. नंदादेवी तांत्रिकदृष्ट्या एव्हरेस्टच्या दक्षिण मार्गापेक्षा कठीण मानतात. कागदावर बघितलं तर बचेंद्री या चमूतल्या कमी अनुभवाच्या.

मग शिखरावर त्याच का पोहोचल्या? एवढ्या मोठ्या मोहिमेत शिखराच्या तुकड्या पाडतात. कोण कुठल्या तुकडीत, त्या तुकडीच्या वाट्याला हवा कशी येते, वरच्या कॅम्पवर ऑक्सिजनच्या बाटल्या किती शिल्लक आहेत आणि त्या दिवशी कोणाचं शरीर साथ देतंय, या चार गोष्टी जुळाव्या लागतात. ९ मे रोजी फू दोर्जी शिखरावर पोहोचले, तेही कृत्रिम ऑक्सिजनशिवाय. असं करणारे ते पहिले भारतीय. पण महिला शिखरावर नेण्याचं मोहिमेचं उद्दिष्ट अजून बाकी होतं. बचेंद्रींचं नाव पुढच्या तुकडीत होतं. नंदादेवीच्या तिघींचा अनुभव वाया गेला असं कोणी म्हणू नये. वरचा कॅम्प खालच्या कॅम्पांवर उभा असतो आणि तिथली ओझी संघातल्या सगळ्यांनी वाहिलेली असतात.

शिडीवाला

खुंबू हिमप्रपाताबद्दल (बेस कॅम्पच्या लगेच वर हिमनदी तुटून भेगा आणि सुळके झालेला उतार) लिहितो, कारण मोहिमेची पहिली कसोटी तिथेच होती. २६ मार्चला संघ बेस कॅम्पच्या वाटेवरच्या फेरिचे गावात पोहोचला, त्याच दिवशी कळलं की हिमप्रपाताकडच्या वाटेवर बर्फ कोसळून एका शेर्पाचा मृत्यू झाला आणि चौघे जखमी आहेत. बेस कॅम्पवर पोहोचेपर्यंत स्वयंपाकघरातल्या एका मदतनिसाच्या मृत्यूची बातमी आली. प्रेमचंद पुढच्या तुकडीबरोबर वर जाऊन आले होते. त्यांनी सांगितलं की हिमप्रपाताच्या माथ्यावर ६,००० मीटरवर पहिला कॅम्प लागलाय, पूल टाकलेत, दोर लावलेत, वाटेवर निशाणं रोवलीत. पण खालची हिमनदी सरकत असल्यामुळे हे सगळं केव्हाही मोडेल आणि वाट पुन्हा करावी लागेल.

'पुन्हा करावी लागेल' याचा अर्थ काय, तर ऍल्युमिनियमच्या शिड्या टोकाला टोक दोराने बांधून हिमभेगेवर आडव्या टाकायच्या. भेग रुंदावली की शिडीचं टोक काठावरून निसटतं, आवळली की शिडी कमानीसारखी वाकते. टोकांचे खिळे (स्नो स्टेक) दुपारच्या उन्हात सैल होतात, म्हणून रोज पहाटे पहिल्या माणसाने ते ठोकत जायचं.

शिडी ओलांडताना क्रॅम्पॉनचे (बर्फासाठी बुटाखाली बांधायच्या अणकुचीदार सांगाड्याचे) पुढचे दात आणि टाचेचे दात यांच्यामधल्या खोबणीत पायरी बसवावी लागते. पायऱ्यांमधलं अंतर साधारण ३० सें. मी. मोठ्या बुटाचं पाऊल दोन पायऱ्यांवर टेकतं. लहान पावलाच्या माणसाचं, म्हणजे बहुतेक महिलांचं, एकाच पायरीवर टेकतं आणि बूट पुढे-मागे झुलतो. अशा वेळी चवड्यावर भार दिला तर बुटाचं पुढचं टोक खाली जातं आणि तोल जातो. भार पावलाच्या मध्यावर ठेवायचा, दोन्ही बाजूंचे हातदोर ताठ राहतील इतकं पुढे झुकायचं आणि पलीकडच्या जोडीदाराने ते दोर खेचून धरायचे. दोर ढिला असेल तर त्याचा उपयोग शून्य.

सह्यफिरस्ती

त्या रात्रीच्या हिमस्खलनाबद्दल कोणी लिहील का? १५-१६ मे.

हिमरेषा

लिहिते. बुद्धपौर्णिमेची रात्र. तिसरा कॅम्प ७,३०० मीटरच्या आसपास, एव्हरेस्टला लागून असलेल्या ल्होत्से शिखराच्या बर्फाळ उतारावर. तिथे सपाट जागा नसतेच. कुऱ्हाड-फावड्याने उतारात बाकासारखी पायरी खोदायची आणि तिच्यावर तंबू बसवायचा. रात्री साडेबाराच्या सुमारास वरच्या हिमनदीचा एक सुळका तुटला आणि बर्फाच्या ठोकळ्यांसकट सगळं कॅम्पवर आलं. बचेंद्री तंबूत झोपलेल्या होत्या, डोक्याच्या मागच्या बाजूला जोरात मार बसला, तंबू दाबला गेला. त्याच तंबूतल्या लोपसांगने स्विस चाकूने कापड फाडून आधी स्वतःसाठी वाट केली आणि मग बर्फ उकरत त्यांना बाहेर ओढलं. कॅम्पवर दहा-अकरा जण होते. बहुतेकांना काही ना काही लागलं, काहींची हाडं मोडली, पण जीव कोणाचाही गेला नाही.

सकाळी जखमींना खाली उतरवलं गेलं. बचेंद्री वर जायला तयार राहिल्या. पुढची सगळी गोष्ट या एका निर्णयावर उभी आहे असं माझं मत आहे.

दोरगाठ

हिमरेषा, यातल्या तीन गोष्टी आजही कामाच्या आहेत.

एक, वेळ. 'रात्री थंडी असते, बर्फ आवळलेला असतो, म्हणजे धोका कमी' हे भुसभुशीत बर्फाच्या स्खलनाबाबत बऱ्याच अंशी खरं आहे. लटकत्या हिमसुळक्याला, म्हणजे सेरॅकला, ते लागू नाही. सेरॅक तुटतो तो हिमनदी पुढे सरकल्यामुळे, त्याला ऊन लागतंच असं नाही. त्यामुळे सेरॅकखालचा कॅम्प चोवीस तास धोक्यात असतो. ल्होत्सेच्या उतारावर तिसऱ्या कॅम्पला फारसा पर्यायही नाही, म्हणून तिथे रात्री कमीत कमी काढाव्यात.

दोन, चाकू. तंबू दबला की चेन सापडत नाही, सापडली तरी उघडत नाही. झोपण्याच्या पिशवीत हात अडकलेले असतात. चाकू सॅकच्या कप्प्यात असेल तर तो नसल्यासारखाच. गळ्यात दोरीने किंवा आतल्या खिशात, एका हाताने उघडेल असा हवा.

तीन, वेग. स्खलनाचा बर्फ थांबला की काही क्षणांत घट्ट बसतो. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जगतात, अर्ध्या तासानंतर प्रमाण झपाट्याने कोसळतं. मदत बाहेरून येईपर्यंत वेळ उलटून गेलेली असते. शेजारी झोपलेला माणूस हाच बचावपथक.

सूर्योदय_नाशिक

योगायोग बघा. जुन्को ताबेई, एव्हरेस्टवर पोहोचलेली जगातली पहिली महिला. तिच्या १९७५ च्या जपानी महिला मोहिमेतही ४ मेच्या रात्री साडेबाराच्याच सुमारास हिमस्खलन झालं, दुसऱ्या कॅम्पवर, ६,३०० मीटरला. ताबेई बर्फाखाली गाडली गेली, काही मिनिटं शुद्ध हरपली होती, शेर्पांनी ओढून काढलं. बारा दिवसांनी, १६ मेला, ती आंग त्सेरिंगबरोबर शिखरावर होती. त्या मोहिमेत दोन महिला वर पाठवायचा बेत होता, पण शेर्पा उंचीच्या त्रासाने आजारी पडल्यामुळे दोघींना पुरतील इतक्या बाटल्या वर पोहोचल्या नाहीत. जागा एकीचीच उरली.

ताबेईनंतर तिबेटी फान्थोग (२७ मे १९७५), पोलंडची वांदा रुत्कीएविच (१९७८), जर्मनीची हानेलोर श्मात्स (१९७९) आणि मग बचेंद्री. म्हणजे जगातल्या पाचव्या. श्मात्स उतरताना साउथ कोलच्या (एव्हरेस्ट आणि ल्होत्सेमधली खिंड) वर थकून बसली ती उठलीच नाही. १९८४ च्या संघाला हे माहीत होतं. उतरण्यासाठी ताकद आणि ऑक्सिजन राखून ठेवणं किती गरजेचं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नसणार.

कातळवाट

आता शिखराचा दिवस, वेळेनिशी.

२२ मे : साउथ कोल, ७,९०० मी., चौथा कॅम्प. हा कॅम्प एप्रिलअखेरीसच लावला होता. बचेंद्री लवकर पोहोचल्या. दुसऱ्या दिवसासाठी खाणं, गॅस, ऑक्सिजनच्या बाटल्या गोळा करून ठेवल्या. मागून येणारे साथीदार जड ओझ्यामुळे रेंगाळले होते, तर थर्मासमध्ये चहा आणि सरबत घेऊन त्या त्यांना सामोऱ्या खाली उतरल्या. ७,९०० मीटरवर पोहोचलेला माणूस सहसा तंबूबाहेर पाऊल टाकत नाही.

२३ मे : पहाटे चारला उठून बर्फ वितळवला, चहा, थोडी बिस्किटं, अर्धं चॉकलेट. ६.२० ला आंग दोर्जी या शेर्पाबरोबर साउथ कोल सोडलं. आंग दोर्जी ऑक्सिजनशिवाय चढत होते. त्यामुळे त्यांचे पाय गार पडत आणि वर आणखी एक रात्र काढणं त्यांना धोक्याचं होतं. एका दिवसात वर जाऊन परत, हेच गणित. वाटेतला बर्फ काचेसारखा कडक, आइस ऍक्सने पायऱ्या खोदाव्या लागल्या. दोनेक तासांत ते शिखर-कॅम्पच्या जागेवर होते. मागून दोर्जी ल्हाटू येऊन मिळाले. दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचे हे अनुभवी प्रशिक्षक नायलॉनचा दोर घेऊन आले होते. दोराची दोन टोकं आंग दोर्जी आणि बचेंद्रींना, ल्हाटू मधे एका हाताने दोर धरून. तो त्यांच्या स्वतःच्या सुरक्षेसाठी नव्हता, या दोघांचा तोल राहावा म्हणून होता.

दक्षिण शिखराच्या (मुख्य माथ्याआधीचा उंचवटा) पुढे वारा वाढला, भुकटीसारखा बर्फ उडत होता, दोन-चार मीटरपलीकडे दिसेना. दुपारी १.०७ ला शिखर. माथा इतका निमुळता की दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नव्हती. म्हणून आधी आइस ऍक्सने बर्फ खोदून पाय रोवायला जागा केली. बचेंद्रींनी लाल कापडात गुंडाळून नेलेली दुर्गेची प्रतिमा आणि हनुमानचालिसा बर्फात पुरली. थोड्याच वेळात सोनम पालजोरही पोहोचले. दुसऱ्या दिवशी बचेंद्रींना तीस वर्षं पूर्ण झाली.

हिशोब करा : ९४८ मीटरची चढण, ६ तास ४७ मिनिटं, म्हणजे तासाला सरासरी १४० मीटर. या उंचीवर हा वेग उत्तम आहे. सकाळी उजाडल्यावर निघूनही दोनच्या आत परतीला लागता आलं ते यामुळेच. आज मंडळी रात्री नऊ-दहालाच निघतात, कारण फिक्स रोपवर (आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर) रांग असते आणि पुढच्या माणसाचा वेग हाच आपला वेग होतो.

बाटली_रेग्युलेटर

या वेगामागे एक छोटी कृती आहे आणि ती माझ्या मते त्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची. ल्हाटूंच्या लक्षात आलं की बचेंद्रींचा रेग्युलेटर (ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करणारी कळ) मिनिटाला साधारण अडीच लिटरवर आहे. या उंचीवर चढताना चार लागतो. त्यांनी तो वाढवून दिला आणि अवघड चढ एकदम सोपा वाटू लागला, असं बचेंद्रींनी स्वतः लिहून ठेवलंय.

आता यातलं गणित. सध्याची नेहमीची बाटली ४ लिटर क्षमतेची, ३०० बार दाबाने भरलेली धरा. ढोबळमानाने १,२०० लिटर वायू. अडीच लिटरने ती आठ तास चालेल, चारने पाचच तास. म्हणजे रेग्युलेटर वाढवणं हा फुकटचा उपाय नाही. बाटली कुठे बदलायची, परतीसाठी किती ठेवायची, किती वाजता असेल तिथून मागे फिरायचं, सगळं नव्याने मांडावं लागतं. पण उलट बाजूही बघा : प्रवाह कमी ठेवून बाटली वाचवली आणि वेग निम्म्यावर आला, तर तीच बाटली जास्त तास चालूनही कमीच अंतर नेते. शिवाय ऑक्सिजन कमी पडला की आधी बोटं गारठतात आणि विचार मंदावतो, आणि ते ज्याचं त्याला कळत नाही. दुसऱ्याने गेज बघणं म्हणूनच गरजेचं.

नेहमीचे बिघाड : श्वासातली वाफ मास्कच्या बाहेर सोडण्याच्या झडपेत गोठते आणि श्वास कोंडतो, अशा वेळी मास्क फेकायचा नाही, मुठीने दाबून बर्फ फोडायचा. बाटली बदलताना आट्यांत बर्फाचा कण राहिला तर वायू गळतो, गेजचा काटा झरझर उतरतो. आटे आधी फुंकून-पुसून घ्यायचे, जाड हातमोजा काढायचा पण आतला पातळ ठेवायचाच, नाहीतर धातूला कातडी चिकटते. आणि रेग्युलेटर सॅकच्या मागे असल्यामुळे स्वतःला दिसत नाही. दर तासाला जोडीदाराला विचारायचं.

मावळतीचा_वारा

सगळं वाचलं. पण लोपसांगने वाचवलं, आंग दोर्जी सोबत, ल्हाटूंनी दोर आणि ऑक्सिजन पाहिला. मग श्रेय नक्की कोणाचं?

कातळवाट

प्रश्न रास्त आहे. एव्हरेस्टवर तोवरची जवळपास प्रत्येक चढाई अशीच जोडीने झालेली आहे, १९५३ पासून. पुरुषांच्या बाबतीत हा प्रश्न क्वचित विचारला जातो. शेर्पांची आणि ल्हाटूंसारख्या प्रशिक्षकांची नावं प्रत्येक वेळी घेतलीच पाहिजेत, त्याने बचेंद्रींचं काही कमी होत नाही. आंग दोर्जींच्या बरोबरीने तो वेग राखणं हे कोणी दुसऱ्याने करून देण्यासारखं काम नाही.

हिमरेषा

आता पुढची पस्तीस वर्षं, जी मला शिखराइतकीच मोठी वाटतात.

१९८४ मध्येच जमशेदपूरला टाटा स्टील ऍडव्हेंचर फाउंडेशन सुरू झालं. बचेंद्री तिथे रुजू झाल्या आणि २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते चालवलं. १९९३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारत-नेपाळ महिला एव्हरेस्ट मोहीम गेली. १८ जण शिखरावर पोहोचले, त्यांत सात महिला. १९ वर्षांची डिकी डोलमा त्यांतलीच. संतोष यादव दुसऱ्यांदा पोहोचल्या, १२ मे १९९२ नंतर एका वर्षाच्या आत, १० मे १९९३ ला. दोनदा एव्हरेस्ट करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला. बचेंद्री स्वतः वर गेल्या नाहीत, त्यांनी मोहीम चालवली. माझ्या लेखी हे काम शिखरापेक्षा कठीण आहे : कुणाला वर सोडायचं, कुणाला थांबवायचं, बाटल्यांचा साठा कुठल्या कॅम्पवर किती, हे सगळं नेत्याच्या वहीत असतं.

१९९४ ला अठरा महिलांना घेऊन गंगेतून राफ्टने हरिद्वार ते कोलकाता, २,१५५ किलोमीटर, ३९ दिवस. १९९७ ला आठ महिलांच्या संघासह अरुणाचलपासून सियाचीनपर्यंत हिमालय आडवा चालून गेल्या : २२५ दिवस, चाळीसहून जास्त खिंडी. २०२२ मध्ये, अडुसष्टीत असताना, पन्नाशी ओलांडलेल्या महिलांचा संघ घेऊन पुन्हा अरुणाचलमधून निघून लडाखपर्यंत, साडेचार हजार किलोमीटरहून जास्त. रेल्वेखाली येऊन पाय गमावलेल्या अरुणिमा सिन्हा त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाल्या आणि २०१३ ला कृत्रिम पायावर एव्हरेस्टवर गेल्या. प्रेमलता अग्रवाल २०११ मध्ये, ४८ व्या वर्षी. त्याही जमशेदपूरच्याच.

पद्मश्री १९८४, अर्जुन पुरस्कार १९८६, पद्मभूषण २०१९.

दोरगाठ

१९९७ च्या चालीकडे लोक 'ट्रेक' म्हणून बघतात. जरा पुरवठ्याचा विचार करा. माणशी दिवसाला पाऊण किलो कोरडा शिधा धरला तर आठ जणींचे दहा दिवसांचे ६० किलो. त्यावर रॉकेल, तंबू, दोर. एवढं पाठीवर घेऊन ५,००० मीटरच्या खिंडी रोज होत नाहीत, म्हणजे दर आठ-दहा दिवसांनी रस्ता किंवा गाव गाठायचं आणि तिथे माल आधी पोहोचलेला हवा. एक खिंड बर्फाने बंद निघाली की पुढचे सगळे साठे चुकीच्या तारखेला पडतात. यात शिवाय वरच्या भागात लष्कराच्या परवानग्या. २२५ दिवस हे जुळवत राहणं म्हणजे काय, हे मोहिमेचा हिशोब ठेवणाऱ्यालाच कळेल.

सह्यफिरस्ती

महाराष्ट्रातल्या मुलींसाठी याच वाटेची सुरुवात कुठून करायची, कोणी लिहा. कृष्णा पाटील (एव्हरेस्ट २००९), प्रियांका मोहिते (एव्हरेस्ट २०१३, पुढे अन्नपूर्णा आणि कांचनजंगासुद्धा) यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण पहिली पायरी कोणती ते विचारणारे बरेच असतात.

शिडीवाला

पहिली पायरी बेसिक कोर्स, चार आठवड्यांच्या आसपासचा. उत्तरकाशीची निम, दार्जिलिंगची एच. एम. आय., मनालीची संस्था. जागा फार आधी भरतात, म्हणून तारखा जाहीर झाल्या झाल्या अर्ज करा. शुल्क, वयाची अट त्या-त्या वर्षीच्या पत्रकात बघा. बेसिकला 'ए' श्रेणी मिळाली तरच ऍडव्हान्सला प्रवेश, आणि मोठ्या मोहिमांची दारं त्यानंतर उघडतात. निमच्या कोर्समध्ये आधी उत्तरकाशीजवळ टेखलाच्या कातळावर सराव, मग हिमनदीवर.

आपल्याकडची मुलं कुठे मार खातात? कातळावर नाही, ओझ्याखाली. त्यासाठी सिंहगड आतकरवाडीतून आठवड्यातून दोन-तीनदा : पहिले दोन आठवडे ६-७ किलो, मग दर आठवड्याला दीड-दोन किलो वाढवत १५ पर्यंत. ओझं म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा आणि गुडघे कुरकुरत असतील तर उतरताना पाणी ओतून द्या. नाही तर ओझ्यासकट उतरा, पण सावकाश, कारण हिमालयात गुडघे जातात ते उतारावर. बूट नवे असतील तर किमान महिनाभर वापरून मगच न्या. कोर्समधून मागे फिरायला फोड पुरेसे होतात. उंचीची सवय सह्याद्रीत लागत नाही, तिची काळजी करत बसू नका, तिथे ती टप्प्याटप्प्याने करून घेतात. डोकं दुखलं तर प्रशिक्षकाला लगेच सांगा. श्रेणी जाईल म्हणून लपवणाऱ्यालाच शेवटी खाली उचलून न्यावं लागतं.

आणि कोर्स म्हणजे धोका नाही असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा शिखरावर निमच्याच ऍडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली, पंचवीसहून जास्त जीव गेले. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू करून आलेल्या सविता कंसवाल तिथे प्रशिक्षक होत्या, त्याही त्यात गेल्या.

बाटली_रेग्युलेटर

शिडीवाला, ओझ्याच्या तक्त्यात एक भर : तीन आठवडे वाढवल्यावर चौथा आठवडा निम्म्या ओझ्याचा ठेवा. सलग वाढवत गेलं की नडगीचं हाड दुखायला लागतं आणि मग ऐन कोर्सच्या तोंडावर महिनाभर विश्रांती घ्यावी लागते.